कागदावर काय लिहू

कुमुदताई, तुमच्या शोकसभेत मी बोलले नाही. नाव पुकारलेलं माझं. डोंबिवलीच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये तुमच्या फोटोशेजारी उभं राहून पाच जण बोलले आणि पाचही जणांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं. सहावी मी होते. घसा बसलाय असं खुणेनं सांगितलं आणि बसून राहिले. घसा काही बसला नव्हता, मला त्या शब्दाचा राग आलेला. तो शब्द मी तीन वर्षांपूर्वी कोपरीत आमच्याच आळीतल्या एका माणसाच्या शोकसभेत ऐकलाय, आणि तो माणूस कसा होता ते मला चांगलं माहीत आहे. तेव्हापासून कुणाला देवमाणूस म्हटलं की माझे कान टवकारतात. शिवाय एकदा देवमाणूस म्हटलं की पुढे काही विचारायची सोय राहत नाही. मला तर तुम्हाला बरंच विचारायचंय.

तुम्ही म्हणाल, ही विजया अजून तशीच. हो, तशीच आहे. तुम्ही गेलात त्याला आज नववा दिवस, आणि मी अजून तुमच्यावर संशय घेतेय. दोनच गोष्टींचा संशय आहे. पहिली, तुम्हाला माझ्या त्या अर्जाबद्दल माहीत होतं का? आणि दुसरी, माझ्याबद्दल माहीत होतं का? दहा-बारा वर्षं मी हे दोन प्रश्न पदराला गाठ मारून फिरतेय. आज विचारू, उद्या विचारू करत राहिले आणि तुम्ही निघून गेलात. थोडं थांबायला नको होतं का?

तुम्ही आपल्या दवाखान्यात आलात तो दिवस मला आठवतो. वागळे इस्टेटमधले कारखाने तेव्हा एकेक करून बंद पडायला लागलेले. इस्टेटच्या मागे डोंगराच्या पायथ्याला वस्ती, आणि वस्तीच्या तोंडाशी ट्रस्टचा आपला दवाखाना. दोन खोल्या, मध्ये पॅसेज, पॅसेजमध्ये पाण्याचं पिंप. मी केसपेपरच्या टेबलावर. नाव काय, वय काय, पत्ता, काय होतंय. दिवसभर हेच चार प्रश्न. बायका सांगायच्या, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, दातखीळ बसते, झोप नाही. डॉक्टर ते वाचायचे आणि म्हणायचे, बायकांचं नेहमीचं. मग लाल टॉनिक आणि एक इंजेक्शन. दुसऱ्या महिन्यात तीच बाई, तीच दातखीळ, तेच टॉनिक.

आणि मग तुम्ही आलात. खादीची साडी, खांद्याला शबनम, रोज डोंबिवलीहून. ट्रस्टनं सांगितलं, या समाजसेविका आहेत, बायकांशी बोलतील. मी मनात म्हटलं, बघू या किती दिवस टिकतात.

तुमचं सगळंच मला खटकायला लागलं. तुमच्या खोलीत तुम्ही एक खुर्ची, एक स्टूल आणि एक चटई ठेवलेली. बाई आत आली की तुम्ही उभ्याच. "कुठे बसतेस?" विचारायचात. ती बसली की मग तुम्ही बसायचात, तीही तिच्याच उंचीवर. ती चटईवर, तर तुम्ही चटईवर. मग विचारायचात, "दार लावू की उघडं ठेवू?" मी डॉक्टरांना म्हटलं, या बायकांशी बोलतात की मुलगी बघायचा कार्यक्रम करतात? डॉक्टर हसले. मला बरं वाटलं.

माझं टेबल तुमच्या दाराला अगदी लागून होतं. खोटं कशाला बोलू, मी कान लावायचे. आणि सांगते, काही ऐकू यायचं नाही, कारण तुम्ही फारसं बोलायचातच नाही. एकदा तर अर्धा-पाऊण तास आतून चकार शब्द नाही. पाणी द्यायच्या निमित्तानं मी डोकावले, तर तुम्ही आणि ती मंगल, दोघी चटईवर बसून मेथी निवडत होतात. तिच्याच पिशवीतली मेथी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाहेर रांग लागलेली, आणि ट्रस्टच्या वेळेत यांची भाजी निवडणं चाललंय.

मंगलबद्दल इथे सांगते, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कारखान्यात ती कामाला होती. तेवीस-चोवीसची असेल. नवरा ट्रकवर, पंधरा-पंधरा दिवस बाहेर. घरी सासू आणि दीर. तिचा गळा आवळल्यासारखा व्हायचा आणि आवाजच जायचा. मग बोटं वाकडी होऊन दातखीळ बसायची. दवाखान्यात यायची तेव्हा दीर सोबत असायचा. अगदी सभ्य माणूस दिसायचा हो, शर्ट इस्त्रीचा, मला "नमस्कार मॅडम" म्हणायचा. ती बाहेर आली की तिच्या हातातला केसपेपर घेऊन तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा. मला ते कौतुकाचं वाटायचं. म्हटलं, भावजयीची काळजी घेणारे दीर असतात कुठे आजकाल. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या बाईला त्या एका माणसाचा संशय आला नाही, बघा.

त्याच दिवसांत एकदा तुम्ही मागून आलात, माझ्या खांद्यावरून वाकून टेबलावर कागद ठेवायला. मी अशी दचकले की दौत कलंडली आणि अर्धं रजिस्टर निळं झालं. तुम्ही "अगं, अगं" करत ओचा खोचून पुसायला लागलात. पुसता पुसता म्हणालात, "इतकं सुंदर अक्षर तुझं, विजया. टायपिंग का नाही शिकलीस?" मी म्हटलं, "शिकत होते. आवडलं नाही, सोडलं." तुम्ही मान डोलावलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी येते तर माझं टेबल फिरवलेलं. पाठ भिंतीला, तोंड पॅसेजच्या दाराकडे, आणि तुमच्या खोलीपासून चांगलं सहा-सात हात लांब. "इकडे वारा येतो बघ," तुम्ही म्हणालात. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला वाटलं, माझे कान स्वतःच्या दारापासून लांब केले हिनं, आणि वर वाऱ्याचं नाव सांगते. एप्रिलचा महिना होता. वारा कुठून येणार?

मग ते कागद माझ्या हाती लागले. महिनाअखेरीला केसपेपर लावून ठेवायचं काम माझंच. मंगलच्या कागदावर 'तक्रार' या शब्दापुढे तुमच्या अक्षरात एकच शब्द होता. बाहेरचं. मला वाटलं चुकून वाचलं. मग दुसरा कागद काढला, तिसरा काढला. आठ-दहा बायकांच्या कागदांवर तेच. बाहेरचं, बाहेरचं, बाहेरचं. आपल्याकडे बाहेरचं म्हणजे काय ते शेंबडं पोरही सांगेल. भुताखेताचं, करणीचं, कुणीतरी काहीतरी घातल्याचं. दवाखान्याच्या छापील कागदावर एक शिकलेली बाई हे लिहिते म्हणजे काय? उद्या डॉक्टरांच्या टेबलावर लिंबू-मिरची ठेवणार का?

त्या शब्दाशी माझं जुनं वैर आहे. ते का, ते शेवटी सांगते. पण त्या दिवशी माझ्या पायाखालची जमीन सरकली एवढं खरं. मी कोरा कागद घेतला आणि ट्रस्टच्या अध्यक्षांना अर्ज लिहिला. आपल्या दवाखान्यात समाजसेविकेकडून अंधश्रद्धेचा प्रसार होत आहे, सोबत पुरावे जोडले आहेत. खाली सही केली नाही. 'एक हितचिंतक' लिहिलं. तर हे माझं पहिलं पाप, कुमुदताई. तो अर्ज माझा होता.

सभा भरली तेव्हा इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात मीच बसलेले. अध्यक्ष नौपाड्याचे, निवृत्त हेडमास्तर, भगत-मांत्रिकाचं नाव काढलं तरी लाल होणारे. त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला, कागद तुमच्यासमोर ठेवले आणि विचारलं, "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो, मी लिहिलंय."

"तुमचा विश्वास आहे यावर?"

तुम्ही समोर बसलेल्या सगळ्यांकडे एकदा बघितलंत. वस्तीतला एक कार्यकर्ता कमिटीवर होता, पांढरा शर्ट, सतत नाक्यावर उभा असायचा, त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलंत. मग म्हणालात, "चूक झाली. पुन्हा लिहिणार नाही."

बस, एवढंच. मला वाटलेलं तुम्ही भांडाल. मी तर तुमच्या उत्तरांसाठी दोन पानं मोकळी ठेवलेली. 'श्रीमती कुमुद यांनी चूक मान्य केली' एवढं एक वाक्य लिहिलं आणि पेनचं टोपण लावलं. तुमची खोली काढून घेतली आणि तिथे औषधांची खोकी ठेवली. तुम्हाला पॅसेजमध्ये बसायला सांगितलं, पिंपाजवळ, जिथे जाणारा-येणारा पाणी प्यायला थांबतो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नेहमीसारखा माझ्यासाठी अर्धा कप चहा ओतलात आणि म्हणालात, "विजया, तुझे ऱ्हस्व-दीर्घ कधी चुकत नाहीत गं."

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मागे लागलंय. इतिवृत्त वाचून म्हणालात? की अध्यक्षांच्या हातातला अर्ज तुम्हाला दिसला होता, आणि अक्षर तर तुम्ही महिनाभर आधीच वाखाणलेलं? तुमच्या चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून मी बघितलं. तुम्ही चहात बिस्कीट बुडवत होतात.

पॅसेजमध्ये तुमच्याकडे बायका येईनाशा झाल्या. यायच्या, उभं राहून पाणी प्यायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि जायच्या. दार लावू का विचारायला तिथे दारच नव्हतं. मंगल तर आलीच नाही. मला वाटलं, बरं झालं, थोतांड होतं ते संपलं.

महिना झाला असेल. जेवणाची सुट्टी होती, डॉक्टर गेलेले, तुम्ही मागे नळावर डबा धूत होतात. मंगल धावत आली. कारखान्यातून तशीच, बोटांना लेबलांचा डिंक लागलेला. माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "माझा कागद द्या ताई. फाडायचाय."

मी म्हटलं, "असा फाडता येत नाही. ट्रस्टचा कागद आहे. आणि कशाला फाडायचाय? बाहेरचं लिहिलंय म्हणून?"

"ते तर मीच बोलले लिवायला."

"तू?"

"मग? कुमुदताई सगळ्यांना विचारत्यात ना. कागदावर काय लिवू ते तू सांग, म्हणत्यात. तुझा कागद हाय, कुणाच्या हातात पडंल ते तुलाच ठाव. मी बोलले, बाहेरचं लिवा."

मी मूर्खासारखं विचारलं, "तुला काय भुताटकी वाटते घरात?"

ती हसली. ते हसू मला आवडलं नाही. "भूत कसलं, ताई. जितंजागतं हाय. इस्त्रीचा शर्ट घालून तुमाला नमस्कार करतंय."

मग तिनं उभ्याउभ्या सांगितलं, शेजारणीशी बोलावं तसं. दीर कागद का वाचायचा, तर ही दवाखान्यात आपलं नाव सांगते का ते बघायला. एकदा डॉक्टरांनी 'घरात त्रास?' असं प्रश्नचिन्ह घालून लिहिलेलं, त्या दिवशी तिला मार पडला. बाहेरचं लिहिल्यापासून मात्र तो गप्प झालेला. गप्पच नाही, घाबरलेला. बाहेरचं असलेल्या बाईला हात लावला तर आपल्यालाही लागेल म्हणून तिच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. दोन महिने ती नीट झोपली होती. आवाज गेला नव्हता, दातखीळ बसली नव्हती.

"आता त्याला कळलंय," ती म्हणाली. "नाक्यावर कुणीतरी सांगितलं, दवाखान्यात मीटिंग झाली, बाईनं कबूल केलं, ते बाहेरचं-बिहेरचं सगळं खोटं व्हतं. मी आतून कडी लावून झोपायची. परवा त्यानं कडीच उचकटून काढली. आता त्यो कागद बघायला येणार हाय, म्हणून फाडायचाय."

कुमुदताई, तुम्ही सभेत का भांडला नाहीत ते मला त्या क्षणी कळलं. खरं सांगितलं असतंत तर त्या पांढऱ्या शर्टामार्फत ते संध्याकाळपर्यंत आठ-दहा घरांत पोचलं असतं. म्हणून तुम्ही चूक कबूल केलीत. आणि तेवढंही पुरलं नाही. तेवढंसुद्धा एका घरात पोचलंच. आणि हे सगळं सुरू केलं ते माझ्या सुंदर अक्षरानं.

मी नळावर आले. तुमच्या हातात डबा होता. मी म्हटलं, "मंगल आलीय. तिच्या घरची कडी काढलीय." अर्जाचं तोंडावर आलेलं, पण बाहेर पडलं नाही. तुम्ही डबा तसाच ओला शबनममध्ये टाकलात, मंगलला म्हणालात, "माझ्याबरोबर येतेस, की आधी आईकडे निरोप पाठवू?" ती म्हणाली, "येते." तुम्ही मागच्या दारानं निघालात. तेवढ्या घाईतही तिला विचारायचं राहिलं नाही तुमचं.

तुम्ही गेल्यावर मी सभेनंतर परत आलेला मंगलचा केसपेपर काढला आणि फाडला. आयुष्यात पहिल्यांदा ट्रस्टचा कागद फाडला. तुकडे पिशवीत घातले. रजिस्टरमधल्या तिच्या नावावर शाई सांडली. ती मात्र मुद्दाम.

अर्ध्या तासानं दीर आला. पॅसेजच्या दारातून तो येताना मला लांबूनच दिसला, कारण माझी पाठ भिंतीला होती आणि तोंड दाराकडे. टेबल पूर्वीच्या जागी असतं तर तो माझ्या मागून आला असता, आणि मग मला नाही वाटत माझ्या तोंडून शब्द फुटला असता. पण तो समोरून येत होता आणि मला पेन उघडायला वेळ मिळाला.

"नमस्कार मॅडम. मंगल आलेली का?"

"नाव?"

"अहो मॅडम, मी..."

"नाव सांगा. वय? पत्ता? काय होतंय?"

"मला काही होत नाही."

"मग दवाखान्यात कशाला आलात? कागद काढल्याशिवाय इथे कुणाला काही सांगत नाही. बसा, डॉक्टर चारला येतात."

तो बसला. खरंच बसला, कागद हातात धरून, पिंपाजवळ. मग उठून आला आणि म्हणाला, तिचा कागद दाखवा. मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर धरलं. "मंगल नावाचं कुणी दिसत नाही. इथे शाई सांडलीय, बघा." तो बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिले. चार वाजेपर्यंत मी त्याला बसवून ठेवलं, कुमुदताई. तोवर तुम्ही दोघी कल्याणला पोचलेल्या.

कल्याणच्या बाजारात मसाल्याच्या गोदामात मिरच्या निवडायच्या कामावर तुम्ही तिला लावलंत. तुमच्या ओळखीच्या एका विधवा बाईंच्या घरी तिची सोय केलीत. पुढे वर्षभरानं तिचा नवराही तिथेच राहायला आला. त्याला किती कळलं, काय कळलं, मी विचारलं नाही. थोड्या दिवसांनी तुम्हीही ट्रस्ट सोडलात आणि कल्याणला एका शाळेच्या वर्गात शनिवारी दुपारी बायकांचं ऐकायला बसायला लागलात. जाताना मला म्हणालात, "येत जा कधी." आलेले मी. तुम्हाला माहीत नाही, पण एका शनिवारी आलेले. घरून निघताना सगळं पाठ केलेलं, अर्ज माझा होता, मला माफ करा, असं. वर्गाच्या बाहेर उभी राहिले. आत एक म्हातारी होती. तुमचा आवाज आला, "दार लावू की उघडं ठेवू?" म्हातारी म्हणाली, "लाव बाई." आणि तुम्ही माझ्या तोंडावर दार लावलंत. मी आहे हे तुम्हाला दिसलं नव्हतं. निदान मी तसं धरून चालतेय. दहा मिनिटं थांबले, मग बाजारातून पाव किलो बेडगी मिरची घेतली आणि घरी आले.

परवा शोकसभेत मंगल माझ्या शेजारी बसलेली. आता तिच्या हाताखाली चार बायका आहेत, आवाज खणखणीत झालाय. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मी ताईंना एकदा विचारलेलं, तो अर्ज कुणी केला? तर म्हणाल्या, मला माहीत नाही गं. मला काय ते खरं वाटलं न्हाई." आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हटलं, "मी केला." तिनं हात काढून घेतला नाही. सभा संपल्यावर म्हणाली, "चला, रिक्षापर्यंत सोडते."

म्हणजे मंगलला सांगून झालं, पण तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि तुम्ही तिच्याशी खोटं बोललात की नाही, ते आता कधी कळणार नाही. मी तुम्हाला ओळखते, त्यावरून सांगते, तुम्ही खोटं बोललात. पण मी तर सगळ्यांनाच खोटं समजते, त्यामुळे माझ्या ओळखण्याला काय अर्थ आहे?

आता दुसरा प्रश्न. ते टेबल तुम्ही का फिरवलंत?

मी एकोणीस वर्षांची होते. टायपिंगच्या परीक्षेसाठी वडिलांनी भाड्यानं मशीन आणलेलं. माजघरात भिंतीकडे तोंड करून मी दुपारी सराव करायचे. आमच्या आळीतलेच एक गृहस्थ, वडिलांचे मित्र, गावात मोठा मान. त्यांना येऊ का विचारायची गरज नव्हती. मशीनचा आवाज इतका असायचा की मागून कोण आलं ते कळायचं नाही. एकदा झालं, मग बरेचदा झालं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काहीतरीच काय बोलतेस, ते तुला मुलीसारखं मानतात. मी जेवेनाशी झाले, दचकायला लागले, मशीनला हात लावेना. मग आईनं निदान केलं. हिला बाहेरचं लागलंय. मला खाडीपलीकडच्या एका भगताकडे नेलं. अंगारा लावला, दंडाला ताईत बांधला. तो ताईत मी दोन वर्षं घातला, आणि तो माणूस दर रविवारी आमच्याकडे चहाला येत राहिला. म्हणून तुमच्या अक्षरात तो शब्द वाचला तेव्हा माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. मला वाटलं, माझ्या आईनं माझं तोंड ज्या शब्दानं बंद केलं, त्याच शब्दानं तुम्ही या बायकांची तोंडं बंद करताय. त्याच शब्दाची मंगलनं आतून कडी केली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

तर मी दचकले, तुम्ही टायपिंगचं विचारलंत, आणि दुसऱ्या दिवशी टेबल फिरलं. तुम्हाला कळलं होतं का? की खरंच माझे कान तुमच्या दारापासून लांब करायचे होते? ते केलं असतंत तरी तुमचं बरोबरच होतं, मी ऐकतच होते. की खरंच वारा? प्रत्येक बाईला तुम्ही विचारलंत. कुठे बसतेस, दार लावू का, कागदावर काय लिहू. इतके दिवस एका छपराखाली होतो आणि मला एकदाही विचारलं नाहीत. मला त्याचा राग आहे. आज नवव्या दिवशीही आहे. विचारलं असतंत तर मी "मला काय धाड भरलीय?" म्हणून उठून गेले असते, हेही खरं. बहुतेक तुम्हाला ते माहीत होतं. बहुतेक म्हणून तुम्ही नुसतं टेबल फिरवलंत आणि अर्धा कप चहा देत राहिलात. मला तुमची फार आठवण येते, कुमुदताई. त्या अर्ध्या कपाची तर रोज.

दवाखाना बंद झाला तेव्हा उरलेले कोरे केसपेपर मी घरी आणले. हिशेबाला, भाजीच्या यादीला वापरते. आज सकाळी त्यातलाच एक घेतला. माझं टेबल इथेही तसंच आहे, पाठ भिंतीला, तोंड दाराकडे. दार उघडंच ठेवलं, मला ते उघडं बरं वाटतं. नाव लिहिलं. वय त्रेपन्न. पत्ता कोपरी, ठाणे पूर्व. मग 'तक्रार' आलं आणि पेन थांबलं. तुम्ही असतात तर विचारलं असतंत, माझा कागद कुणाच्या हातात पडेल. वडील गेले, आई गेली, तोही गेला. माझा कागद वाचायला आता घरात कुणी नाही. म्हणून मी बाहेरचं लिहिलं नाही. त्या माणसाचं नाव लिहिलं, आडनावासकट.